पगार, हेतू आणि रेव्हरंड टिळक

मंडळी, आजचा विषय जरा नाजूक आहे. देवाची सेवा करणाऱ्याचा हेतू शुद्ध आहे की नाही, हे ओळखायचं कसं? कुणाच्या मनात शिरून बघता येत नाही. पण दोन गोष्टी इतिहासाला तपासता येतात: या माणसाचा चरितार्थ कोण चालवतं, आणि त्याच्या कामाचा हिशेब कोण घेतं. याच दोन प्रश्नांशी आयुष्यभर झगडलेला आपला एक माणूस म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक.

टिळकांचा जन्म 1861 चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या काळी ख्रिस्ती होणाऱ्यावर पहिला आरोप ठरलेला असे: पोटासाठी बाटला. गरिबांवर तो दुष्काळाच्या नावाने होई, ब्राह्मणावर नोकरीच्या नावाने. टिळकांना तर या धर्मांतरात घरदार, नातीगोती, सगळंच गमवावं लागलं. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं दूर राहिल्या. पुढे विचारपूर्वक त्यांनीही 1900 साली बाप्तिस्मा घेतला.

तरीही आरोपाला एक जागा उरलीच होती. टिळक अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या कामात होते. शिकवत होते, लिहीत होते, 1904 मध्ये त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली, 1912 पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादक झाले. आता मिशनची व्यवस्था कशी होती बघा. पैसा परदेशातल्या मंडळाकडून यायचा, परदेशी मिशनरी तो वाटायचे, आणि शिक्षक, उपदेशक, पाळक असे देशी कामगार महिन्याच्या पगारावर असायचे. किती शाळा चालल्या, किती बाप्तिस्मे झाले, याचे अहवाल वर जायचे. यात लबाडी होती असं मी म्हणत नाही. डॉ. ह्यूम यांच्यासारख्या मिशनऱ्यांशी टिळकांचा जिव्हाळा होता. पण गावातला ऐकणारा मनात म्हणणारच, ‘हा बोलतो ते पगारासाठी.’ आणि बोलणाऱ्यालाही एखाद्या रात्री तोच प्रश्न पडणार.

बायबलमध्ये हा पेच जुनाच आहे. करिंथच्या मंडळीला लिहिताना पौल म्हणतो की सुवार्तिकाला उपजीविकेचा हक्क आहे. पण मी तो वापरलेला नाही. करिंथमध्ये असताना तो तंबू बनवण्याचा धंदा करत असे. वेतन घेणं पाप आहे असं त्याने म्हटलं नाही. सुवार्तेला अडथळा होऊ नये, एवढ्यासाठी त्याने हक्क सोडला.

1917 मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, टिळकांनी असाच हक्क सोडला. पगारी काम सोडून ते साताऱ्यात राहिले, संन्याशाची वृत्ती पत्करली आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ख्रिस्ताच्या शिष्यांचा हा बंधुसंघ. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्यांनाही. या अटीकडे नीट लक्ष द्या. बाप्तिस्म्याची सक्ती गेली की आकडा वाढवण्याचा मोहही जातो. म्हणजे टिळकांनी एकाच पावलात दोन दोर कापले, एक पगाराचा आणि एक अहवालाचा.

पण गोष्ट इथे संपवली तर आपण निम्मीच सांगू. टिळक आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत आलो असं मानत. त्या तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. परंपरा आणखी एक तपशील सांगते, तो आपण विसरतो. त्यांनी आधी वाटणी केली, धाकट्या भावाच्या हिश्श्याची कागदपत्रं त्याला दिली, आणि बुडवली ती फक्त स्वतःच्या हिश्श्याची.

टिळकांच्या घरी अशी वाटणी झाली होती का? लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचा. नवरा हातातलं देऊन टाकतो, कुणालाही घरी आणतो, आणि चूल पेटवायची ती बाईंनी. त्या हसत हसत सांगतात, म्हणून आपणही हसतो. पण त्या हसण्याखाली हिशेब आहे. एकाच्या निरपेक्षतेचा खर्च दुसऱ्याच्या संसारातून जात होता.

म्हणून टिळकांचा त्याग खोटा ठरतो का? मला तसं वाटत नाही. 9 मे 1919 रोजी मुंबईत ते वारले; दरबाराला त्यांची दोन वर्षंही पुरती लाभली नाहीत. अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. ज्यांना झळ बसली त्यांनीच काम उचललं, ही साक्ष मला मोठी वाटते.

आज सेवेत असणाऱ्यांनी या इतिहासातून काय घ्यावं? ‘माझा हेतू शुद्ध आहे’ असं मनाशी म्हणून भागत नाही. पैसा कुठून येतो, यश कशात मोजलं जातं, हे उघड ठेवावं लागतं. आणि त्याग करायचाच असेल तर आधी घरच्यांना विचारून वाटणी करावी. बुडवायचा तो आपलाच हिस्सा.