दारात उभं राहणाऱ्या बायका

१७९८ साली पॅरिसमध्ये एक गमतीचा वाद झाला होता. आंद्रे गार्नरँ नावाचा एक साहसी माणूस बलूनमधून आकाशात जायचा. आदल्या वर्षी, २२ ऑक्टोबर १७९७ रोजी, त्यानं बलूनमधून पॅराशूटच्या साह्यानं खाली उतरून दाखवलं होतं. आता त्यानं जाहीर केलं, की पुढच्या उड्डाणात आपण एका स्त्रीला सोबत नेणार. झालं! पोलिसांनी मनाई केली. वरची विरळ हवा नाजूक स्त्रीदेहाला सोसेल का, ही एक चिंता. आणि आकाशात स्त्री-पुरुष इतके जवळ आले तर नीतीचं काय, ही दुसरी. अखेर वरिष्ठांनी मनाई उठवली. बाई वर गेल्या आणि सुखरूप खाली आल्या. १७९९ मध्ये गार्नरँचीच शिष्या झान लाब्रोस पॅराशूटनं उतरली. अशी उडी घेणारी ती पहिली स्त्री मानली जाते.

‘बाईच्या जातीला हे झेपेल का?’ हा प्रश्न तेव्हाच निकालात निघायला हवा होता. पण काही प्रश्न उत्तर मिळालं तरी संपत नाहीत.

आपल्या देशात पॅराशूट आलं ते करमणुकीचा खेळ म्हणून. १८९० मध्ये कलकत्त्याच्या रामचंद्र चटर्जींनी पॅराशूटनं उतरून दाखवलं. त्यानंतर दोनच वर्षांनी, १६ मार्च १८९२ रोजी, ढाक्याला नवाबाच्या आमंत्रणावरून आलेल्या वॅन टासेल यांच्या मंडळीतली जिनेट नावाची तरुणी बलूनमधून उतरली. वाऱ्यानं भरकटून ती उंच झाडात अडकली. खालच्या लोकांनी बांबूला बांबू बांधून तिला उतरवायचा प्रयत्न केला. बांधलेले बांबू सुटले, ती खाली पडली आणि त्या दुखापतीनं गेली. ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. पॅराशूटनं तिला दगा दिला नव्हता. कमी पडली ती जमिनीवरची व्यवस्था. हजारो लोक बघायला जमले होते, पण ती अडकली तर काय करायचं याचा विचार कुणी केलेला नव्हता.

खेळाला शिस्त आली ती लष्करामुळे. आग्र्याला हवाई दलाची छत्रीधारी सैनिकांना शिकवणारी शाळा आहे. हवाई दलातल्या डॉक्टर, फ्लाइट लेफ्टनंट गीता चंदा यांनी १७ जुलै १९५९ रोजी उडी घेतली आणि त्या भारतातल्या पहिल्या स्त्री छत्रीधारी ठरल्या. छत्रीधारी सैनिक उतरतील तिथं डॉक्टरलाही उतरता आलं, तर जखमीला उपचार लवकर मिळतील. त्यामुळे एका डॉक्टरनं ही विद्या शिकण्याला तसाच अर्थ होता.

पुढचं ठळक नाव यायला वीस वर्षं जावी लागली. रेचल थॉमस यांनी १९७९ मध्ये आग्र्यालाच पहिली उडी घेतली. तेव्हा त्या दोन मुलांची आई होत्या. लग्न झालं, मुलं झाली, आता बाईनं जिवाला जपावं, असं ज्या वयात चारही बाजूंनी सांगितलं जातं, त्या वयात त्यांनी सुरुवात केली. पुढं त्यांनी अठरा देशांत साडेसहाशेहून अधिक उड्या घेतल्या, १९९४ चा अर्जुन पुरस्कार मिळवला आणि २००५ मध्ये त्या पद्मश्री झाल्या. एप्रिल २००२ मध्ये त्या सात हजार फुटांवरून उत्तर ध्रुवावर उतरल्या. निमित्त होतं भारतीय रेल्वेच्या दीडशे वर्षांचं. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली १८५३ मध्ये. तिची आठवण पृथ्वीच्या टोकावर जागवली गेली.

आणि मग आपल्या पुण्याच्या शीतल महाजन. १८ एप्रिल २००४ रोजी त्यांनी उत्तर ध्रुवावर हेलिकॉप्टरमधून उडी घेतली. उंची २,४०० फूट. आश्चर्य असं, की ती त्यांच्या आयुष्यातली पहिलीच उडी होती. १५ डिसेंबर २००६ रोजी त्यांनी अंटार्क्टिकावर ११,६०० फुटांवरून उडी घेतली, तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या होत्या. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये थायलंडमधल्या पट्टायाला त्यांनी चक्क नऊवारी नेसून उडी घेतली. नोव्हेंबर २०२३ मध्ये एव्हरेस्टसमोर २१,५०० फुटांवरून झेपावून त्या काळापत्थरला उतरल्या. ती जागाच सतरा हजार फुटांहून उंच आहे. नऊवारीची छायाचित्रं घरोघरी पाहिली गेली. काहींनी तिला नुसती हौस म्हटलं. मला मात्र वाटतं, ज्या लुगड्याचा धाक दाखवून मुलींना पळण्या-चढण्यापासून थांबवलं गेलं, ते नेसूनच कुणी तरी आकाशातून उतरावं, यात एक गोड परतफेड आहे.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आयुष्यातली पहिली उडी ध्रुवावर घेणं हा अपवाद आहे, ते कुणी अनुकरणासाठी घेऊ नये. नवख्यानं सुरुवात करावी ती जोडउडीनं. त्यात प्रशिक्षक आणि आपण एकाच पट्ट्यांमध्ये बांधलेले असतो, आणि छत्री उघडण्याची जबाबदारी त्याची असते. स्वतंत्रपणे शिकायचं तर सुरुवातीला प्रशिक्षक हवेत धरून असतात. दहा-बारा सेकंदांत शरीराचा वेग ताशी सुमारे दोनशे किलोमीटर होतो आणि मग तो वाढत नाही, कारण हवेचा विरोध वजनाला तोलून धरतो. मनगटावर उंची दाखवणारं यंत्र असतं, पाठीवर मुख्य छत्रीबरोबर राखीव छत्री असते, आणि ठरावीक उंचीपर्यंत काहीच उघडलं नाही, तर राखीव छत्री आपोआप उघडणारं यंत्रही असतं. ढाक्याच्या त्या मुलीजवळ यातलं काहीही नव्हतं.

म्हणून धाडस म्हणजे डोळे मिटून उडी मारणं नव्हे. प्रत्येक पट्टा स्वतः ओढून पाहणं, वारा वाढला तर वर जाऊनही उडी न घेता परत येणं, यालाही धाडसच लागतं.

आता १९५९, १९७९, २००४ ही वर्षं शेजारी ठेवून पाहा. वीस-पंचवीस वर्षांनी एक नाव ठळक व्हावं! मधल्या काळात भारतातल्या मुलींचं धैर्य आटलं होतं का? मुळीच नाही. आटलेली होती ती संधी. उडीला विमान लागतं, मोकळं मैदान लागतं, परवानगी लागते आणि भरपूर पैसा लागतो. बराच काळ हे सगळं लष्कराकडंच होतं. आता हरियाणातल्या नारनौलसारख्या ठिकाणी सामान्य माणसालाही उडी घेता येते, पण खर्च अजून मध्यमवर्गाला जड जातो. रेचल थॉमस आणि शीतल महाजन यांचं मोठेपण म्हणूनच नुसत्या विक्रमात नाही. मागून येणाऱ्या मुलीला ‘हे आपल्यातल्या कुणी तरी केलंय’ असं घरी सांगता येतं, ते यांच्यामुळे. घरच्यांशी होणाऱ्या वादात असं एक नाव फार उपयोगी पडतं.

तेव्हा उद्या तुमच्या लेकीनं, सुनेनं किंवा अगदी आईनं म्हटलं, की मला एकदा आकाशातून उतरून पाहायचंय, तर हसू नका आणि लगेच ‘नको’ही म्हणू नका. प्रशिक्षक कोण, परवाना कुणाचा, राखीव छत्री तपासली का, डॉक्टरांना विचारलं का, हे प्रश्न जरूर विचारा. ते प्रश्न काळजीचे आहेत. ‘बाईला झेपेल का?’ हा प्रश्न तेवढा विचारू नका. त्याचं उत्तर दोनशे वर्षांपूर्वीच मिळालेलं आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)