'फुसका बार' आणि 'डॅम्प स्क्विब'

मोठा गाजावाजा होऊन प्रत्यक्षात अगदीच फिक्या ठरलेल्या प्रसंगाला इंग्रजीत 'डॅम्प स्क्विब' म्हणतात. मराठी वृत्तपत्रे त्यासाठी 'फुसका बार' योजतात. दोन्ही प्रयोग दारूकामातले असले, तरी त्यांचा रोख एक नाही.

'स्क्विब' म्हणजे सुरसुरत जळून शेवटी आवाज करणारा लहान फटाका. हा शब्द इंग्रजीत सोळाव्या शतकापासून आढळतो आणि बहुधा ध्वन्यनुकारी असावा. 'डॅम्प', म्हणजे ओलसर, हे विशेषण लागलेला लाक्षणिक प्रयोग मात्र एकोणिसाव्या शतकातला. १६०५ च्या दारूकटाच्या स्मरणार्थ इंग्लंडात ५ नोव्हेंबरला दारूकाम होते, आणि तिकडचा नोव्हेंबर दमट असतो. (अलीकडे कित्येक इंग्रज 'स्क्विब'च्या जागी 'स्क्विड', म्हणजे म्हाकूळ, म्हणतात. तो प्राणी तर जन्मतःच ओला!)

दारूकामाचा परिचय मराठीला इंग्रजांमुळे झाला नाही. प. कृ. गोडे यांनी भारतीय दारूकामाचा इतिहास साधार मांडला; त्यांचा तो निबंध १९५३ मध्ये बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ कल्चरने प्रसिद्ध केला. एकनाथांच्या 'रुक्मिणीस्वयंवरा'तील लग्नसोहळ्यात दारूकाम आहे, याकडे गोडे लक्ष वेधतात. पेशव्यांच्या बखरीतील प्रसंग अधिक रंजक आहे. कोट्याच्या दिवाळीतील 'दारूच्या लंके'चे वर्णन महादजी शिंदे सवाई माधवरावांना ऐकवतात. मग तसाच देखावा पुण्यात होतो आणि पेशवे तो पर्वतीवरून पाहतात.

'बार' हा शब्द मात्र मुळात बंदुकीचा: ठासून भरलेली दारू, आणि तिचा आवाजही. म्हणून 'फुसका बार' प्रथम उडवणाऱ्याची फजिती सांगतो. वल्गना, धमकी, गौप्यस्फोटाची घोषणा यांना तो नेमका शोभतो. 'डॅम्प स्क्विब'मध्ये कोणी बढाई मारलेली असावीच लागत नाही. निराशा प्रेक्षकांची असते. त्यामुळे रटाळ झालेल्या अंतिम सामन्याला 'फुसका बार' म्हणणे थोडे ओढूनताणून वाटते. 'डोंगर पोखरून उंदीर' तेथे जवळचा, परंतु त्यात वाया गेलेल्या श्रमांवर भर आहे.

ओलीचा अनुभव मराठीला नाही, असेही नव्हे. पापड सादळतो, काडेपेटी सादळते, फटाकेही सादळतात. दिवाळीपूर्वी ते उन्हात ठेवण्याची रीत घरोघर परिचित आहे. 'सादळलेला फटाका' हा अर्थाने व प्रतिमेने नेमका प्रतिशब्द ठरला असता. भाषांतरकारांनी 'फुसका बार' उचलला, कारण तो आधीच तोंडी रुळलेला होता.