जपानी मुळाक्षरांचे पहिले विद्यार्थी

जानेवारी १५४९ मध्ये संत फ्रान्सिस झेवियर यांनी कोचीनहून रोमला संत इग्नेशियस यांना पत्र लिहिले, तेव्हा त्यासोबत जपानी मुळाक्षरांचा नमुनाही धाडला. जपानच्या किनाऱ्याला त्यांचे पाय अजून लागायचे होते. त्या लिपीची ओळख त्यांना झाली ती आंजिरो या कागोशिमाच्या गृहस्थामुळे. आंजिरो १५४८ च्या पेंटेकॉस्ट सणाला गोव्यात बाप्तिस्मा घेऊन पावलु दे सान्ता फे झाला होता आणि सेंट पॉल कॉलेजात राहून काही महिन्यांतच पोर्तुगीज लिहू-वाचू लागला होता. तुम्ही आमच्यासारखे का लिहीत नाही, असे झेवियर यांनी त्याला विचारले. त्याने उलट विचारले, तुम्ही आमच्यासारखे का लिहीत नाही? माणसाचे डोके वर आणि पाय खाली असतात. मग त्याने लिहितानाही वरून खाली लिहावे हेच योग्य नव्हे काय? झेवियर यांनी हे उत्तर जसेच्या तसे रोमला कळविले. त्यांना ते आवडले असावे, असे आम्हांस वाटते.

आंजिरोला येत असलेली लिपी कोणती आणि न येणारी कोणती, हा प्रश्न मात्र केवळ कुतूहलाचा नव्हता. त्यावर पुढे बरेच काही अवलंबून राहिले. जपानी लेखनात दोन प्रकारची अक्षरे एकत्र नांदतात. एक म्हणजे चीनहून आलेली अर्थवाहक चिन्हे. ती हजारोंनी मोजावी लागतात. दुसरी केवळ उच्चार दाखविणारी अक्षरे. त्यांना ‘काना’ म्हणतात. (आपल्या काना-मात्रेशी या शब्दाचे काही नाते नाही.) काना शिकलेला माणूस घरची पत्रे लिही, हिशेब ठेवी, परंतु बौद्ध धर्मग्रंथ चिनी चिन्हांत होते आणि ते मठातल्या विद्वानांनाच उलगडत. ते ग्रंथ आमच्याकडील लॅटिनप्रमाणे वेगळ्याच भाषेत आहेत आणि पावलु तिच्यात पारंगत नाही, हे झेवियर यांना गोव्यातच कळले होते. तरीही देवाला जपानीत काय म्हणावे, हे ठरविताना आधार त्याचाच घ्यावा लागला. त्यातून ‘दाइनिची’ हा शब्द आला. तो दोन चिनी चिन्हांनी लिहितात. एकाचा अर्थ महान, दुसऱ्याचा सूर्य. शिंगोन पंथात हे नाव वैरोचन बुद्धाचे आहे. ऑगस्ट १५४९ मध्ये कागोशिमाला उतरल्यापासून जवळजवळ दोन वर्षे झेवियर आणि त्यांचे सहकारी याच नावाने प्रवचन करीत राहिले. १५५१ मध्ये यामागुची येथे शिंगोन भिक्षूंशी चर्चा होऊन खरा प्रकार उमगला, तेव्हा ‘देऊस’ हा लॅटिन शब्दच वापरायचे ठरले. आंजिरोला दोष देण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. त्याने स्वतःला पंडित म्हणवून घेतले नव्हते.

या शिंगोन पंथाच्या पाठशाळांतूनच आपल्या वर्णमालेचा एक धागा जपानी लिपीत गुंफला गेला, हे मराठी वाचकास ऐकून नवल वाटेल. पंथाचा संस्थापक कूकाई ८०४ मध्ये चीनला गेला, तेथे संस्कृत शिकला आणि ८०६ मध्ये परतला. पुढे जपानी भिक्षू सिद्धम् लिपीत संस्कृत मंत्र गिरवीत, ते क, च, ट, त, प या वर्गांसह. स्वतःच्या भाषेचे ध्वनी त्यांनी त्याच साच्यात बसविले: अ, इ, उ, ए, ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. आजच्या जपानी शब्दकोशातही शब्द याच क्रमाने येतात. च-वर्गाच्या जागी ‘स’ आहे आणि प-वर्गाच्या जागी ‘ह’. हा ‘ह’ येथे का, असा प्रश्न आपल्या मनात लगेच उभा राहतो. त्याचे कारण असे की तो मूळचा ‘प’ होता. ओठ सैलावत गेले तसा तो ‘फ’ आणि अखेर ‘ह’ झाला. सोळाव्या शतकात तो ‘फ’च्या टप्प्यावर होता, याचा पुरावा गोव्यातच छापला गेला आहे. जपानी राजदूत म्हणून युरोपला जाऊन परतणाऱ्या चार तरुणांपैकी हारा मार्तिन्यो याने १५८७ मध्ये गोव्यात लॅटिन भाषण केले. ते पुढच्या वर्षी तेथेच पुस्तकरूपाने निघाले. त्यावर त्याचे आडनाव ‘फारा’ असे आहे.

उतारवयात केवळ हौसेने आम्ही ही अक्षरे गिरवू लागलो, तेव्हा क्रम ओळखीचा असल्याने पहिले दोन दिवस फार सुखाचे गेले. पुढे कळले की येथे बाराखडी नाही. ‘क’ला वेलांटी दिली की ‘कि’ होत नाही. का, कि, कु, के, को ही पाच स्वतंत्र चित्रे आहेत. अशी आज प्रचारात असलेली अक्षरे ४६, आणि प्रत्येकाची रूपे दोन. जोडणे या अर्थाचे एक चिनी चिन्ह आहे. त्याचा डावा भाग तेवढा उचलला की कोनदार ‘काताकाना’तील ‘का’ होतो. भिक्षू ग्रंथ वाचताना ओळींच्या बाजूला अशी तुटक अक्षरे टिपून ठेवीत. तेच चिन्ह सबंध, पण कुंचला न उचलता भरभर लिहिले की गोलसर ‘हिरागाना’तील ‘का’ होतो. त्याच्या खांद्यावर दोन ठिपके दिले की ‘गा’. ‘ता’वर दिले की ‘दा’. ‘हा’वर दिले की मात्र ‘बा’, आणि वर्तुळ दिले की ‘पा’. ते का, हे वर सांगून झालेच आहे.

सोळाव्या शतकातील विद्यार्थ्याला एवढीही सोय नव्हती. ठिपके देणे लेखकाच्या मर्जीवर असे. शिवाय एकाच ध्वनीसाठी अनेक वळणे रूढ होती. एक ध्वनी, एक हिरागाना अक्षर हा नियम शासनाने केला तो १९०० मध्ये. मुले तेव्हा ‘इरोहा’ पाठ करीत. ती प्रत्येक अक्षर एकदाच येईल अशी रचलेली ४७ अक्षरांची कविता आहे. परंपरा तिचे श्रेय कूकाईला देते, पण तिची सर्वांत जुनी नोंद १०७९ ची आहे आणि अभ्यासक ते श्रेय मान्य करीत नाहीत. लुईश फ्रोइश या पोर्तुगीज येशूसंघीय धर्मगुरूने १५८५ मध्ये दोन्हीकडच्या चालीरीतींची तुलना लिहिली. तीत आपली बावीस अक्षरे एका बाजूला आणि जपान्यांची कानाची अठ्ठेचाळीस व वर असंख्य चिन्हे दुसऱ्या बाजूला मांडली आहेत.

अडचण ओळखून फादर आलेस्सांद्रो व्हालिन्यानो यांनी १५९० मध्ये युरोपातून छापखाना आणला आणि दुहेरी मार्ग धरला. परदेशी विद्यार्थ्यांसाठी जपानी पुस्तके रोमन अक्षरांत निघाली. १५९२ मध्ये आमाकुसा येथे ‘हेइके’ची वीरकथा, १५९३ मध्ये इसापच्या गोष्टी. जपानी वाचकांसाठी काना आणि चिनी चिन्हांचे खिळे पाडण्यात आले. १५९८ मध्ये नागासाकीत ‘राकुयोशू’ हा चिनी चिन्हांचा कोश निघाला, तर १६०३-०४ मध्ये बत्तीस हजारांहून अधिक शब्दांचा जपानी-पोर्तुगीज कोश. याच सुमारास फादर थॉमस स्टीफन्स साष्टीत होते, आणि त्यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले ते रोमन लिपीतच. जपानला जे खिळे मिळाले ते आपल्या भाषेला मिळाले नाहीत, ही खंत आम्हांस लपविता येत नाही.

आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया हे याच काळातले. कोवळ्या वयात ते येशूसंघीयांसोबत जपानला गेले, आणि १५९३ मध्ये फ्रान्सिस्कन बंधू म्हणून हिदेयोशीच्या दरबारात दुभाषी होऊन उभे राहिले. त्यांची जपानी बोली नावाजलेली होती. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस क्रूस उभे राहिले, त्यांतील एक त्यांचा. हिदेयोशीने दिलेली शिक्षा फळ्यावर लिहून तेथे लावली होती, अर्थात जपानी अक्षरांत, वरून खाली.

१६१४ च्या हद्दपारीनंतर छापखाना मकावला गेला. ज्वांव रोद्रिगीश यांचे छोटे जपानी व्याकरण १६२० मध्ये तेथेच निघाले. पण तोवर ते वापरणाऱ्यांना जपानचे दार बंद झाले होते. जपानात उरले ते लपून श्रद्धा जपणारे कुटुंबीय. त्यांच्या प्रार्थना मुखोद्गत राहिल्या. पुढे काहींनी त्या कानांत उतरविल्या. कानात जोडाक्षर नाही, म्हणून पोर्तुगीज ‘ग्रासा’ म्हणजे कृपा, हिचे ‘गरासा’ झाले. लॅटिन ‘ओरात्सिओ’चे ‘ओराशो’ झाले. मार्च १८६५ मध्ये नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये ती माणसे प्रथम पुढे आली, तेव्हा अडीचशे वर्षे झाली होती, आणि हे शब्द त्यांच्या ओठांवर होते.