मजल, मुक्काम आणि विसावा : बारामती-इंदापूर परिसरातील वृद्धांच्या तीर्थयात्रेचा विचार

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागात बारामती व इंदापूर हे दोन तालुके एकमेकांस लागून आहेत. कऱ्हा, नीरा आणि भीमा ह्या नद्यांच्या काठाने येथील जुनी गावे, देवळे आणि वाटा वसल्या. पर्जन्य थोडा आणि भूमी बहुतांशी सपाट असल्यामुळे पायी चालणाऱ्यास हा प्रदेश सह्याद्रीच्या डोंगराळ पट्ट्याइतका कठीण नाही. ह्याच कारणाने असेल, महाराष्ट्रातील दोन महत्त्वाच्या यात्रापरंपरा ह्या भूमीवर स्थिरावल्या आहेत : एक मोरगावच्या मोरेश्वराची आणि दुसरी देहूहून पंढरपुरास जाणाऱ्या तुकोबांच्या पालखीची. अलीकडे वृद्धांसाठी देवदर्शनाच्या व ऐतिहासिक स्थळांच्या सहली आखण्याची प्रथा वाढली आहे. अशी सहल सुखाची कशी व्हावी, हा प्रश्न नवा वाटतो. वस्तुतः तो जुना आहे, आणि त्याची दोन उत्तरे ह्या परिसराच्या इतिहासातच नमूद आहेत.

पहिले उत्तर मोरगावचे. बारामती तालुक्यातील, कऱ्हेकाठचे हे अष्टविनायकांतील प्रमुख स्थान होय. गाणपत्य परंपरेतील थोर पुरुष मोरया गोसावी चिंचवडास राहत आणि तेथून मोरगावची वारी करीत. परंपरा अशी सांगते की, वार्धक्यामुळे ही वारी त्यांना झेपेनाशी झाली, तेव्हा कऱ्हेत स्नान करीत असता त्यांच्या हाती गणेशाची मूर्ती आली. देवच भक्ताबरोबर चिंचवडास आला. हीच चिंचवडची मंगलमूर्ती. पुढे भाद्रपदात व माघात ह्या मंगलमूर्तीची पालखी चिंचवडहून मोरगावास नेण्याचा परिपाठ पडला. कथेतील चमत्काराचा भाग बाजूस ठेवला तरी तिच्यातील सामाजिक आशय लक्षणीय आहे. भक्त थकला म्हणून त्याची भक्ती उणी ठरली नाही. अंतर कमी करण्याचे दायित्व देवाने स्वीकारले. थकलेल्या भक्तासाठी देव आपले स्थान सोडून जवळ येतो, अशा आशयाच्या कथा महाराष्ट्रातील इतर देवस्थानांविषयीही सांगितल्या जातात. पंढरपूरची मूळ कथा तर वृद्ध मातापित्यांच्या सेवेत गुंतलेल्या पुंडलिकाची आहे. तेथे देव विटेवर उभा राहून वाट पाहतो. ह्या कथांतून एक नियम निघतो : यात्रेची मोजणी यात्रिकाच्या शक्तीवरून व्हावयाची, स्थानाच्या अंतरावरून नव्हे.

दुसरे उत्तर पालखीचे. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज ह्यांनी १६८५ मध्ये तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवून पंढरीची वारी सुरू केली. पुण्याहून लोणी काळभोर, यवत, वरवंड, उंडवडी गवळ्याची असे मुक्काम करीत ही पालखी बारामतीस येते. तेथून काटेवाडीवरून सणसर, मग बेलवडीवरून निमगाव केतकी, पुढे इंदापूर आणि नीरेकाठचे सराटी, असा तिचा क्रम आहे. सराटीस पादुकांना नीरास्नान घालून पालखी सोलापूर जिल्ह्यात प्रवेश करते. मजलांची लांबी सारखी नाही. निमगाव केतकी ते इंदापूर ही मजल तिच्या आधीच्या मजलेहून लहान आहे. सकाळी निघावे, वाटेत न्याहारीचा व दुपारचा विसावा घ्यावा आणि दिवस मावळावयाच्या सुमारास तळावर पोहोचावे, असा दिवसाचा बांधा आहे. चालणाऱ्यांत तरुण असतात तसे साठी-सत्तरी उलटलेलेही असतात. ही सगळी रचना सर्वांत मंद चालणाऱ्यास सोडून जाणारी नाही, म्हणूनच ती टिकली.

विसाव्याच्या जागा रिकाम्या ठेवलेल्या नाहीत, हेही पाहण्याजोगे आहे. काटेवाडीस परीट समाजाची मंडळी पालखीपुढे धोतरांच्या पायघड्या अंथरतात आणि मेंढ्यांचे रिंगण होते. बेलवडीस पालखीमार्गावरील पहिले गोल रिंगण होते, पुढे इंदापुरासही होते. रिंगणात अश्व धावतो, पताकाधारी धावतात, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या स्त्रिया धावतात. वृद्ध मात्र कडेला बसून ते पाहतात. बसणे हाच तेथे सोहळ्यातील सहभाग होतो. थकलेल्यास विश्रांती द्यावयाची, पण त्यास सोहळ्याबाहेर काढावयाचे नाही, ही योजना मोठ्या जाणतेपणाची आहे.

ह्या अनुभवाची साक्ष मराठी शब्दांतही मिळते. 'विसावा' हा शब्द संस्कृत 'विश्राम', प्राकृत 'वीसाम' ह्या क्रमाने आला. देवळाच्या आवारातील यात्रिकांच्या उतरण्याची खोली म्हणजे 'ओवरी'. तिचे मूळ संस्कृत 'अपवरक' म्हणजे आतली, आडोशाची खोली. 'पाणपोई'तील 'पोई' ही संस्कृत 'प्रपा' होय. 'मुक्काम' व 'मजल' हे अरबीतून फारसीच्या द्वारे आलेले शब्द. पहिल्याचा मूळ अर्थ उभे राहण्याची जागा, दुसऱ्याचा वाहनावरून उतरण्याची जागा. मराठीत 'मजल' ह्या शब्दाचा अर्थ सरकला आणि एका उतरण्याच्या जागेपासून दुसरीपर्यंतचे अंतर त्याने दर्शविले जाऊ लागले. म्हणजे अंतराचे माप कोसावर न बसवता थांब्यावर बसवले गेले. आगगाडीच्या काळात प्रवाशास 'उतारू' हे नाव रूढ झाले. तेही जाण्यावरून पडले नाही, उतरण्यावरून पडले. वृद्धाविषयीचा शब्दही विचारात घ्यावा असाच आहे. 'म्हातारा' हा 'महत्तर' ह्या शब्दापासून निघाला, आणि प्राचीन ताम्रपटांत 'महत्तर' म्हणजे गावचा वडीलधारा, मानकरी. शब्दाचे तेज पुढे ओसरले, पण त्याचा उगम मानाचा आहे.

एकोणिसाव्या शतकात तिसरे उत्तर आले, ते चाकाचे. १८५८ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा फाटा पुण्याहून दिक्सळपर्यंत गेला आणि १८६० मध्ये तो सोलापुरास पोहोचला. बार्शी लाइट रेल्वेने १९०६ मध्ये पंढरपूर गाठले, आणि १९१४ मध्ये दौंड-बारामती हा अरुंदमापी मार्ग सुरू झाला. पुढे त्याचे रुंदमापीत रूपांतर झाले. ज्यांना चालणे अशक्य होते अशा असंख्य वृद्धांना ह्या गाड्यांनी प्रथमच दूरची तीर्थे घडविली. त्यापूर्वी लांबच्या यात्रेस निघालेला म्हातारा माणूस घरच्यांचा निरोप शेवटचा समजून घेई. पंढरपूरच्या यात्रांत पटकीची साथ वारंवार उद्भवत असे आणि तिचा पहिला घाला अशक्तांवर पडे. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली, आणि पुढील काळात खेड्याखेड्यांचा वृद्ध देवळापर्यंत बसून जाऊ लागला. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्याने पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्य परिवहनाच्या गाड्यांतून विनामूल्य प्रवासाची सवलत दिली. २०२४ मध्ये साठ वर्षे व त्यावरील नागरिकांसाठी मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना जाहीर झाली. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पालखीमार्गांच्या चौपदरीकरणाची कोनशिला बसली; त्यांत पाटसपासून बारामती-इंदापूरवरून जाणारा तुकोबांचा मार्गही आहे, आणि रस्त्याच्या कडेने पायी वारकऱ्यांसाठी वेगळी वाट योजलेली आहे.

चाकाने अंतर जिंकले, ह्यात संशय नाही. परंतु त्याबरोबर एक हानी झाली. पायी यात्रेत मजल माणसाच्या दमावर ठरत असे. मोटारीच्या सहलीत ती इंजिनाच्या बळावर ठरू लागली. एका दिवसात पाच-सहा देवस्थाने 'करून' येण्याचा आग्रह ह्यातून निघाला. त्याचा परिणाम वृद्धावर काय होतो, हे जेजुरीस दिसते. मोरगावच्या वाटेवर लागून असलेल्या ह्या गडाला शेकडो पायऱ्या आहेत. चढू शकणारे वर जातात आणि न चढू शकणारा म्हातारा पायथ्याशी गाडीत बसून राहतो. यादीत जेजुरी मोजली जाते. त्याच्या वाट्यास मात्र बंद काचेतून दिसलेला डोंगर येतो. ज्याच्यासाठी सहल काढली तोच तिच्याबाहेर राहिला, तर त्या योजनेस वृद्धांची यात्रा म्हणता येत नाही.

ह्या दृष्टीने पाहिल्यास बारामती-इंदापूरचा प्रदेश फार अनुकूल आहे. येथील मुख्य स्थाने सपाटीवर आहेत आणि एकमेकांपासून बेताच्या अंतरावर आहेत. तीन दिवसांची यात्रा पुढीलप्रमाणे बसविता येईल. पहिल्या दिवशी पुण्याहून सकाळी निघून मोरगाव. उंच तटाचे, चार कोपऱ्यांवर मिनार असलेले हे उत्तराभिमुख देवालय वास्तुदृष्ट्याही वेगळे आहे. गणेशासमोर नंदी असणे हे त्याचे आणखी एक वैशिष्ट्य. चतुर्थीचा व भाद्रपद-माघातील उत्सवाचा दिवस टाळावा. दुपारच्या भोजनानंतर बारामतीस जाऊन तेथेच मुक्काम करावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बारामतीतील काशीविश्वेश्वर व सिद्धेश्वर ही जुनी देवालये पाहावी. ह्याच गावी बाबूजी नाईक जोशी ह्यांच्या आश्रयाने मोरोपंतांनी आयुष्याचा मोठा भाग घालविला. १७२९ मध्ये पन्हाळ्यास जन्मलेल्या ह्या कवीने १७९४ मध्ये बारामतीसच देह ठेवला. ज्या पिढीने शाळेत आर्या पाठ केल्या, तिला मोरोपंतांच्या वाड्याशी अर्धा तास बसणे हे एखाद्या दर्शनाहून कमी वाटणार नाही. दुपार विश्रांतीस द्यावी आणि उन्हे कलल्यावर पालखीच्याच वाटेने काटेवाडी, सणसर, बेलवडी, निमगाव केतकी असे करीत इंदापूर गाठावे. ज्यांनी पूर्वी वारी केली आहे, त्यांच्यासाठी ह्या वाटेवरील प्रत्येक गाव आठवणींचे ठिकाण आहे. बेलवडीच्या मैदानाशी गाडी थांबविणे पुरेसे होते.

तिसरा दिवस इंदापूर व नीरा नरसिंहपूर ह्यांना द्यावा. इंदापूर हा भोसल्यांच्या पुणे-सुपे जहागिरीशी जोडलेला परगणा. मालोजीराजांचे नाव सांगणारी गढी आणि चांदशावलीचा दर्गा ही तेथील जुनी स्थाने. देवळांखेरीज दुसराही एक वारसा ह्या तालुक्यास आहे. प्रिंगलची जमीनमोजणी फसल्यानंतर गोल्डस्मिड व विंगेट ह्यांनी १८३६ मध्ये नवी पाहणी व जमाबंदी येथूनच सुरू केली, आणि पुढे मुंबई इलाख्यातील जमीनमहसुलाची पद्धत तिच्यावर उभी राहिली. आयुष्यभर सातबाऱ्याशी व्यवहार केलेल्या वृद्ध शेतकऱ्यास ही माहिती जवळची वाटेल. नरसिंहपूर जिल्ह्याच्या टोकाशी, नीरा-भीमेच्या संगमावर आहे. सध्याचे लक्ष्मी-नृसिंहाचे मंदिर विंचूरकर घराण्याच्या आश्रयाने अठराव्या शतकात उभे राहिले. अनेक कुटुंबांचे ते कुलदैवत होय. 'तीर्थ' ह्या शब्दाचा मूळ अर्थ नदी ओलांडण्याचा उतार. ज्या घाटावरून वृद्धास आधारावाचून पाण्यापर्यंत उतरता येत नाही, तेथे हा अर्थ पुरता साधत नाही. अशा ठिकाणी नदीचे पाणी कलशातून वर आणून द्यावे.

परतीच्या वाटेवर पळसदेव आहे. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या जलाशयात जुने पळसदेव गाव आणि पळसनाथाचे प्राचीन देवालय बुडाले. ज्या उन्हाळ्यात पाणी फार ओसरते, त्या उन्हाळ्यात ते देवालय उघडे पडते. भीमाकाठची अनेक गावे ह्या जलाशयासाठी उठली. त्या गावांत ज्यांचे बालपण गेले, ते आता वृद्ध झाले आहेत. त्यांच्यासाठी काठावरून त्या पाण्याकडे पाहणे हीच यात्रा आहे. हिवाळ्यात भिगवणच्या परिसरात रोहित पक्षी उतरतात, तेव्हा त्याच काठावर निवांत बसण्यास आणखी एक निमित्त मिळते.

ह्या योजनेचे नियम थोडे आहेत. सकाळी एक आणि संध्याकाळी एक, ह्याहून अधिक स्थाने घेऊ नयेत. कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ निवडावा. चैत्रानंतर देवळांची दगडी फरशी दुपारी अनवाणी पायांना सोसत नाही. गाडी दारापर्यंत जाते की नाही, पायऱ्या किती आहेत, कठडा आहे की नाही, बसण्यास सावली, पिण्यास पाणी आणि जवळ शौचालय आहे की नाही, हे आधी एकाने प्रत्यक्ष जाऊन पाहावे. औषधांच्या व जेवणाच्या वेळा आधी मांडाव्या आणि दर्शनाच्या वेळा त्यांभोवती बसवाव्या. सर्वांत मंद चालणाऱ्यास पुढे ठेवावे, म्हणजे सर्वांची चाल आपोआप ठरते. ह्यांपैकी एकही नियम नवा नाही. विसावा, ओवरी, पाणपोई आणि बेताची मजल ह्यांचेच हे आजचे रूप आहे.

शेवटी एका लाभाकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. ह्या वाटेवरील विसाव्यांची, बुडालेल्या गावांतील देवळांची, ओवऱ्यांची आणि पाणवठ्यांची कित्येक नावे नकाशावर नाहीत. ती वृद्धांच्या बोलण्यात आहेत. पाच-सहा स्थाने धावत उरकणाऱ्या सहलीत ती उच्चारली जात नाहीत. पारावर तासभर बसले की एकाची आठवण दुसऱ्याची आठवण जागी करते आणि नावे निघू लागतात. बरोबरच्या तरुणाने ती त्याच जागी, सांगणाऱ्याच्या उच्चारानुसार लिहून घेतली, तर यात्रेबरोबर ह्या प्रदेशाच्या इतिहासाचे व भाषेचे एक साधनही हाती येईल. दहा-वीस वर्षांनी ती नावे सांगणारे कोणी उरणार नाही.