मुरलेले की शिळे? गेम कन्सोलच्या ताकदीचा इतिहास

२ सप्टेंबर २०२५ रोजी नवी दिल्लीतील ‘सेमिकॉन इंडिया’ परिषदेत ‘विक्रम ३२०१’ ही चिप पंतप्रधानांना सादर करण्यात आली. तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राने मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीच्या साथीने विकसित केलेला हा ३२ बिटांचा प्रोसेसर १८० नॅनोमीटर तंत्रज्ञानाने घडवलेला आहे. त्याच सुमारास महागड्या मोबाइलमध्ये ३ नॅनोमीटर म्हणवल्या जाणाऱ्या चिप्स होत्या. साहजिकच प्रश्न उठतो : जगाने पंचवीस वर्षांपूर्वी वापरलेले तंत्रज्ञान आज मिरवायचे कशासाठी?

या प्रश्नाच्या मुळाशी एक गृहीतक आहे. यंत्राचे यश त्याच्या हार्डवेअरच्या ताकदीवर ठरते, हे ते गृहीतक. ते तपासण्यासाठी गेम कन्सोलच्या इतिहासाइतके सोयीचे क्षेत्र क्वचितच सापडेल. दर पाच-सात वर्षांनी दोन-तीन कंपन्या जवळपास एकाच वेळी, एकाच ग्राहकासाठी नवी यंत्रे बाजारात आणतात. प्रत्येकाची तांत्रिक क्षमता जाहीर असते आणि खपाचे आकडेही जाहीर होतात. निसर्गाने नव्हे, पण बाजाराने मांडलेला हा एक प्रयोगच आहे.

प्रयोगाची पहिली ठळक फेरी १९८९ची. त्या वर्षी २१ एप्रिलला जपानच्या निन्टेन्डो कंपनीने ‘गेम बॉय’ हे हातात मावणारे यंत्र विक्रीस आणले. त्याच्या ८ बिटांच्या प्रोसेसरचा वेग होता सुमारे ४.१९ मेगाहर्ट्झ. पडदा १६० गुणिले १४४ ठिपक्यांचा, त्यात हिरवट करड्या रंगाच्या चार छटा आणि मागून प्रकाश नाही. त्याच वर्षी अमेरिकेत अटारीचे ‘लिंक्स’ आले आणि पुढच्या वर्षी जपानमध्ये सेगाचे ‘गेम गिअर’. दोन्हींचे पडदे रंगीत होते आणि स्वतःच्या प्रकाशाने उजळलेले होते. दुकानात शेजारी शेजारी ठेवले, तर गेम बॉय केविलवाणाच दिसे.

पण दुकानात न दिसणारा एक आकडा होता. गेम बॉय चार पेन्सिल सेलांवर पंधरा तास किंवा त्याहूनही अधिक चाले. प्रतिस्पर्धी यंत्रे सहा सेल घेत आणि तीन ते पाच तासांत ते संपवत. यामागचे भौतिकशास्त्र सोपे आहे. अशा चार अल्कलाइन सेलांत मिळून ढोबळमानाने १२ वॉट-तास ऊर्जा मावते. गेम बॉयला लागत असे सुमारे ०.७ वॉट शक्ती. भागाकार केला की सतरा तास येतात. द्रवस्फटिकाचा पडदा स्वतः प्रकाश निर्माण करत नाही. विद्युतक्षेत्राने रेणूंची दिशा बदलून तो आलेला प्रकाश जाऊ देतो किंवा अडवतो, आणि या कामाला नगण्य ऊर्जा लागते. खर्च होतो तो मागच्या दिव्यासाठी. प्रोसेसरचेही तसेच : त्याची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वेगाच्या प्रमाणात वाढते. जादा ताकद फुकट मिळत नाही. तिची किंमत सेलांतून आणि ग्राहकाच्या खिशातून वसूल होते. अमेरिकेत गेम बॉय सुमारे ९० डॉलरना मिळे, तर लिंक्स १८० डॉलरना.

गेम बॉय आणि त्याची रंगीत आवृत्ती मिळून ११.८ कोटींहून अधिक यंत्रे खपली. गेम गिअरची विक्री एक कोटीच्या आसपास थांबली आणि लिंक्स त्याच्याही पुष्कळ मागे राहिले.

हे अपघाताने घडले नव्हते. गेम बॉयच्या निर्मितीमागे गुनपेई योकोई हे अभियंते होते. १९६५ मध्ये, निन्टेन्डो अजून पत्ते बनवणारी कंपनी असताना, ते तेथील यंत्रांची देखभाल करण्यासाठी नोकरीस लागले. कॅल्क्युलेटरच्या स्पर्धेमुळे स्वस्त झालेले द्रवस्फटिकाचे पडदे वापरून त्यांनी १९८० मध्ये ‘गेम अँड वॉच’ हे खेळणे घडवले. आपल्या पद्धतीचे त्यांनी केलेले वर्णन प्रसिद्ध आहे : वाळलेल्या तंत्रज्ञानाचा आडवा विचार. या ‘वाळलेल्या’साठी मराठीत अधिक नेमका शब्द आहे – मुरलेले. लोणचे मुरते तसे तंत्रज्ञानही मुरते. त्याचे दोष माहीत झालेले असतात, भाव उतरलेला असतो, कारागिरांचा हात बसलेला असतो. असे तंत्रज्ञान मूळ हेतूपेक्षा वेगळ्याच जागी नेऊन वापरणे, हा तो आडवा विचार.

२००६ मध्ये हीच कसोटी पुन्हा लागली. सोनीच्या ‘प्लेस्टेशन ३’मध्ये आयबीएम आणि तोशिबा यांच्यासह विकसित केलेला ‘सेल’ नावाचा प्रोसेसर होता, वेग ३.२ गिगाहर्ट्झ. अमेरिकेतील किंमत ५०० ते ६०० डॉलर. त्याच महिन्यात आलेल्या निन्टेन्डोच्या ‘वी’चा प्रोसेसर ७२९ मेगाहर्ट्झचा होता आणि किंमत २५० डॉलर. मात्र वीच्या हातातल्या रिमोटमध्ये तीन अक्षांवरचे त्वरण मोजणारा सिलिकॉनचा इवलासा संवेदक होता. सूक्ष्म स्प्रिंगांवर तोललेले वस्तुमान हलले की विद्युतधारिता बदलते आणि त्यावरून हालचाल कळते. मोटारीतील एअरबॅग वेळेवर उघडण्यासाठी या जातीचे संवेदक आधीच मुरलेले होते. निन्टेन्डोने ते दिवाणखान्यात आणले, आणि कधीही खेळ न खेळलेली माणसे टेनिसची रॅकेट फिरवावी तसा रिमोट फिरवू लागली. वीचा खप १० कोटींवर गेला. प्लेस्टेशन ३ सुमारे ८.७ कोटींवर थांबले.

सेल प्रोसेसर दुबळा मुळीच नव्हता. त्याच्या सुधारित आवृत्तीवर आधारलेला लॉस अॅलमॉसचा ‘रोडरनर’ महासंगणक २००८ मध्ये पेटाफ्लॉपची मर्यादा ओलांडणारा जगातील पहिला संगणक ठरला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या डार्टमथ येथील भारतीय वंशाचे भौतिकशास्त्रज्ञ गौरव खन्ना यांनी २००७ मध्ये मोजकी प्लेस्टेशन ३ यंत्रे एकत्र जोडली आणि कृष्णविवरांपासून निघणाऱ्या गुरुत्वीय लहरींची गणिते त्यांवर सोडवली. ताकद खरी होती, पण ती सहज हाती लागत नव्हती. खेळांच्या वाट्याला येणाऱ्या सहा सहायक गाभ्यांपैकी प्रत्येकाजवळ स्वतःची स्मृती फक्त २५६ किलोबाइट होती आणि तिच्यात माहिती आणण्या-नेण्याची व्यवस्था प्रोग्रामरनेच लावायची होती. एका ठरावीक गणितासाठी वैज्ञानिक ती मेहनत घेतो. मुदतीत खेळ पुरा करायचा असलेल्या चमूला ती परवडतेच असे नाही.

मग ताकदीला अर्थच नाही, असे म्हणावे का? तसे म्हणणे ही दुसऱ्या टोकाची चूक ठरेल. २०१२ मध्ये निन्टेन्डोचेच ‘वी यू’ आले. तेही साध्या हार्डवेअरचे होते, पण त्यात आडवा विचार ग्राहकाला पटेल इतका स्पष्ट नव्हता. हे नवे यंत्र आहे की जुन्याचे उपकरण, हेच अनेकांना उमगले नाही. वर्षभरात अधिक समर्थ प्रतिस्पर्धी आले, बाहेरच्या कंपन्यांनी त्यासाठी खेळ बनवणे थांबवले आणि विक्री १.३५ कोटींच्या आसपास संपली. उलट २०१३ मध्ये ‘प्लेस्टेशन ४’ने ‘एक्सबॉक्स वन’वर मात केली, तेव्हा त्याची चित्रगणनेची क्षमताही अधिक होती : १.८४ टेराफ्लॉप विरुद्ध १.३१. मात्र ते १०० डॉलरनी स्वस्तही होते आणि त्याची रचना प्रोग्रामरांच्या परिचयाची होती. २०१७चे ‘निन्टेन्डो स्विच’ पुन्हा दोन वर्षे जुन्या चिपवर उभे राहिले. घरात दूरचित्रवाणीवर आणि प्रवासात हातात, असा एकच खेळ दोन्हीकडे चालवण्याची सोय त्याने दिली आणि १५ कोटींचा टप्पा ओलांडला.

या साऱ्यातून जो नियम दिसतो तो असा : प्रत्येक कामाला ताकदीचा एक उंबरठा असतो. त्याच्या खाली असलेले यंत्र कितीही कल्पक असो, टिकत नाही. उंबरठा ओलांडल्यावर मात्र पुढची ताकद हा अनेक खर्चांपैकी एक खर्च ठरतो. तो ऊर्जा, किंमत आणि वापरणाऱ्यांची सोय यांच्याशी तोलावा लागतो. उंबरठ्यावरचे जुने तंत्रज्ञान मुरलेले, त्याखालचे शिळे.

भारताच्या कन्सोल-इतिहासातही याची एक छोटी खूण आहे. हैदराबादच्या अरोना टेक्नॉलॉजीज कंपनीने घडवलेला ‘हनुमान : बॉय वॉरियर’ हा संपूर्णतः भारतात विकसित झालेल्या पहिल्या कन्सोल खेळांपैकी एक. तो २००९ मध्ये आला तो प्लेस्टेशन ३साठी नव्हे, तर २००० सालच्या प्लेस्टेशन २साठी.

‘विक्रम ३२०१’लाही हीच फूटपट्टी लावावी. अग्निबाणाच्या मार्गदर्शनाला सेकंदाला अब्जावधी चित्रबिंदू रंगवायचे नसतात. त्याला उणे ५५ ते १२५ अंश सेल्सिअस तापमानात न चुकता उत्तर देणारा प्रोसेसर हवा असतो. १८० नॅनोमीटरच्या मोठ्या ट्रान्झिस्टरमध्ये एका बिटामागे अधिक विद्युतभार असतो. त्यामुळे एखाद्या भारित कणाच्या धडकेने बिट उलटण्याची शक्यता तुलनेने कमी राहते. डिसेंबर २०२४ मध्ये पीएसएलव्ही-सी६० मोहिमेत या प्रोसेसरची प्रत्यक्ष उड्डाणात चाचणीही झाली. त्या कामासाठी हे तंत्रज्ञान मुरलेले आहे.

पण तेच उत्तर महासंगणकाच्या किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चिपबद्दल देता येणार नाही. तेथे उंबरठाच वर आहे आणि दरवर्षी आणखी वर सरकतो आहे. योकोईंच्या सूत्राची ढाल पुढे करून तेथील उणीव झाकली, तर देश वी यूच्या वाटेने जाईल. म्हणून यापुढे नव्या चिपची किंवा नव्या यंत्राची बातमी वाचताना नॅनोमीटर आणि टेराफ्लॉप जरूर पाहावेत, पण त्याआधी हे यंत्र कोणते काम करणार आहे आणि त्या कामाचा उंबरठा कोठे आहे, हे विचारावे.