बालाजी घाटावरचे नळ

आपल्या इतिहासग्रंथांत वाड्यांची वर्णने विपुल असतात. त्या वाड्यांत पाणी कोठून येई आणि कोठे जाई, याची चर्चा क्वचितच आढळते. काशीच्या पंचगंगा घाटालगतचा बालाजी घाट या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. पेशव्यांच्या नावाशी निगडित असलेला हा परिसर, पलीकडचे दुर्गा घाट व ब्रह्मा घाट, ही काशीतील मराठी कुटुंबांची जुनी वस्ती. येथल्याच बालाजी मंदिरात बिस्मिल्ला खाँ सनईचा रियाज करीत. ही घरे चुनारच्या दगडाची आणि चुन्याची. मध्ये चौक, कोपऱ्यात मोरी. पाणी विहिरीतून शेंदावे किंवा गंगेवरून आणावे. नळासाठी भिंतीत जागा ठेवण्याचे कारणच नव्हते.

नळ ही वस्तू पेशवाईला अपरिचित होती, असे मात्र नाही. बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेबांच्या कारकिर्दीत, 1750 च्या सुमारास, कात्रजच्या तलावाचे पाणी भुयारी नळाने पुण्यात शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतील हौदांपर्यंत आणले गेले. या नळावर ठिकठिकाणी 'उच्छ्वास' ठेवलेले होते. त्यांतून हवा खेळे आणि माणसाला आत उतरून गाळ काढता येई. दुरुस्ती करावी लागणार, हे बांधतानाच गृहीत धरलेले होते. प्रस्तुत लेखकाला त्या योजनेतील सर्वांत शहाणपणाचा भाग हाच वाटतो.

काशीत 1892 साली भेलूपूरचे जलकेंद्र सुरू झाले आणि नळाचे पाणी गल्लीबोळांत पोहोचू लागले. ज्या घरांची रचना घागरीच्या हिशेबाने झाली होती, त्यांत आता दिवसभर सांडेल एवढे पाणी येऊ लागले. ते वाहून नेणारी गटारे मागाहून, तुकड्यातुकड्याने आली. पुढे घरोघरी जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी नळ बसले. मुलामा झिजला की आतून गंज धरतो, पोकळी अरुंद होते, धार बारीक होते. सूत आणि सफेदा लावून आवळलेले सांधे पाझरू लागतात. ती ओल चुन्याच्या भिंतीत मुरते. वरून सिमेंटचा गिलावा केला असेल तर ती बाहेर पडू शकत नाही, खार फुटतो आणि दगड सुटू लागतो. गवंड्याला बोलावून पुन्हा सिमेंटच थापले जाते, हा भाग निराळाच.

भिंतीपेक्षा जिवाचा प्रश्न मोठा. पुरवठा ठरावीक तासांचा असला की उरलेल्या वेळी नळ रिकामा असतो. त्याच अरुंद गल्लीत, फरसबंदीखाली, गटारही जवळून जाते. अशात कोणी थेट नळावर टुल्लू पंप लावला की फुटक्या सांध्यातून बाहेरची घाण आत ओढली जाते. काविळीची साथ अशीच घरात शिरते. एका घराने केलेल्या सोयीची किंमत शेजारी मोजतो. अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात, गल्लीत याचे भांडण होते.

दुरुस्ती करायची कोणी? मालक परगावी, वाटण्या न झालेल्या, भाडेकरू तीन पिढ्यांचे, भाडे नाममात्र. उत्तर प्रदेशच्या 1972 च्या भाडे-नियंत्रण कायद्याने दुरुस्तीची जबाबदारी मालकावर टाकली होती. परंतु गोठलेल्या भाड्यातून संपूर्ण नळजोडणी बदलण्याइतका पैसा निघणे अशक्य होते. तो कायदा जाऊन 2021 साली नवा आला, पण जुने नळ भिंतीतच राहिले. वाचकांपैकी अनेकांचे काशीत, पुण्यात किंवा वाईत असे एखादे सामायिक घर असेलच.

शासनाचे लक्ष स्वभावतः मोठ्या कामांकडे जाते. 14 जून 1986 रोजी काशीतच आरंभ झालेल्या गंगा कृती योजनेचा भर नाले अडवणे, पंप आणि शुद्धीकरण केंद्रे यांवर होता. घरातील मोरी ते गल्लीतील गटार हे काही हातांचे अंतर कोणाच्याच अंदाजपत्रकात नीट बसत नाही. नव्या केंद्राचे उद्घाटन होते. बदललेल्या सांध्याचे होत नाही.

मोठ्या कामांचीही गत फारशी वेगळी नाही. अस्सीपासून कोनियापर्यंत शहराच्या पोटातून जाणारा सुमारे 7 किलोमीटरचा शाही नाला विटांचा आहे. त्याचे श्रेय सामान्यतः जेम्स प्रिन्सेपला दिले जाते. हाच प्रिन्सेप पुढे ब्राह्मी लिपी वाचणारा म्हणून प्रसिद्धी पावला. काशीत 1820 ते 1830 या काळात तो टांकसाळीत अधिकारी होता. त्या नाल्यावर पुढे घरे आणि दुकाने उभी राहिली, उतरण्याच्या जागा बुजल्या. सुमारे दोनशे वर्षांनी त्याची साफसफाई हाती घेतली, तेव्हा आतली स्थिती कळावी म्हणून यंत्रमानवाला कॅमेरा लावून भुयारात सोडावे लागले.