दोन ताटांचे एक टेबल : ब्रोलियोच्या टेकडीवरची वाइन

इटलीतील सिएना शहराच्या ईशान्येला, साधारण वीस किलोमीटरवर, ब्रोलियोची टेकडी आहे. झाडीतून जाणारी चढण संपली की करड्या दगडाची जाड तटबंदी लागते आणि तिच्या आत लाल विटांचा एक वाडा दिसतो. तट पंधराव्या शतकातला, तर वाड्याचे आजचे रूप एकोणिसाव्या. 1141 पासून ही जागा रिकासोली घराण्याकडे आहे. फ्लॉरेन्स आणि सिएना या दोन नगरराज्यांच्या सीमेवरचे हे ठाणे फ्लॉरेन्सच्या बाजूचे होते. 1478 मध्ये ते उद्ध्वस्त झाले आणि पुन्हा उभे राहिले. दुसऱ्या महायुद्धातील गोळ्यांच्या खुणाही भिंतींवर राहिल्या आहेत. तटावरून खाली पाहिले की द्राक्षमळे, ऑलिव्हची झाडे आणि रान दिसते. हवा स्वच्छ असेल तर दूरवर सिएनाचे मनोरेही दिसतात.

येथे येणारा पाहुणा बाग पाहतो, घराण्याचे प्रार्थनामंदिर पाहतो, तळघरातील लाकडी पिंपांमधून फिरतो आणि शेवटी टेबलापाशी येतो. पेल्यात कियांती क्लासिको ओतली जाते. सोबत मीठ नसलेला पाव, ऑलिव्हचे तेल, खारवलेले मांस, मेंढीच्या दुधाचे चीज आणि ‘रिबोल्लिता’ असते. रिबोल्लिता म्हणजे शिळा पाव, पांढऱ्या शेंगाबिया आणि काळपट पानांची कोबी यांचे पुन्हा उकळलेले घट्ट सूप. कोणत्या वाइनबरोबर कोणता पदार्थ जुळतो हे समजावून सांगितले जाते आणि ही जुळणी शतकानुशतकांची आहे अशी आपली समजूत होते. प्रस्तुत लेखाचा प्रश्न या समजुतीविषयी आहे. ही वाइन आणि हे सूप एकाच भूमीत जन्मले हे खरे. पण ते एकाच ताटात होते काय?

उत्तरासाठी या वाड्याच्या सर्वांत प्रसिद्ध मालकाकडे वळावे लागते. बेत्तिनो रिकासोली (1809–1880) यांना त्यांच्या करड्या स्वभावामुळे ‘पोलादी बॅरन’ म्हणत. इटलीच्या एकीकरणाची कथा मराठी वाचकाला ठाऊक झाली ती मुख्यतः सावरकरांनी मराठीत आणलेल्या आणि 1907 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॅझिनीच्या आत्मचरित्रामुळे. साहजिकच आपल्या मनातला इटली हा गुप्त मंडळ्यांचा, हद्दपारीचा आणि प्रजासत्ताकाच्या स्वप्नाचा आहे. रिकासोली त्याच एकीकरणाच्या दुसऱ्या बाजूचे, म्हणजे राजनिष्ठ, नेमस्त जमीनदारांचे प्रतिनिधी. 1860 मध्ये तोस्काना प्रांत सार्डिनियाच्या राज्यात विलीन झाला, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. 1861 मध्ये काव्हूरच्या निधनानंतर ते एकीकृत इटलीचे दुसरे पंतप्रधान झाले आणि 1866 मध्ये पुन्हा एकदा त्या पदावर आले.

राजकारणाइतकीच निष्ठा त्यांनी द्राक्षांवर ठेवली. ब्रोलियोत त्यांनी अनेक वर्षे वेगवेगळ्या वाणांचे प्रयोग केले आणि फ्रान्समधील पद्धती अभ्यासल्या. या साऱ्याचे सार त्यांनी 1872 मध्ये पिसा विद्यापीठातील प्राध्यापक चेझारे स्तुदियाती यांना लिहिलेल्या पत्रात सांगितले. वाइनला गंध आणि जोम मिळतो तो सांजोवेसे या वाणापासून. तिचा कडकपणा कानायोलोने मवाळ होतो. आणि मालवाझिया हे पांढरे द्राक्ष तिला हलकी करते. मात्र जी वाइन मुरवत ठेवायची आहे तिच्यात मालवाझिया टाळावी, ती रोजच्या जेवणात लवकर प्यायच्या वाइनपुरतीच ठेवावी, असा त्यांचा अभिप्राय होता. कियांतीचे ‘सूत्र’ म्हणून हे पत्र पुढे प्रसिद्ध झाले.

पत्रातला ‘रोजचे जेवण’ हा उल्लेख मात्र थांबून वाचण्याजोगा आहे. रोजचे जेवण म्हणजे कोणाचे जेवण?

ब्रोलियोची जमीन कसणारे हात रिकासोलींचे नव्हते. तोस्कानातील शेती मध्ययुगापासून ‘मेझाद्रिया’ नावाच्या पद्धतीने चाले. या शब्दाच्या मुळाशीच ‘अर्धा’ हा अर्थ आहे. आपल्याकडची अर्धेली डोळ्यांसमोर आणली की व्यवहार कळतो. जमीन आणि घर मालकाचे, कष्ट कुळाच्या सबंध कुटुंबाचे, आणि पीक निम्मे निम्मे. करार कुटुंबप्रमुख करी; पण तो बांधून घेई घरातल्या प्रत्येकाला. कुटुंबातील लग्नालाही अनेकदा मालकाची संमती लागे. ठरावीक सणांना अंडी आणि कोंबड्या वाड्यावर पोचवाव्या लागत. हिशेबाची वही कारभाऱ्याकडे असे आणि वाईट वर्षांची उधारी तीत साचत जाई.

पिकाचा निम्मा वाटा मिळत असे, म्हणजे वाइनचाही मिळत असे, असे कोणी म्हणेल. कागदावर ते खरेच होते. परंतु चांगली वाइन हा रोकड देणारा माल होता. उधारी फेडायला ती विकावी लागे. घरात उरे तो चोथा. रस काढून घेतलेल्या द्राक्षांच्या सालीबियांवर पाणी ओतून, ते थोडे आंबवून एक पातळ, आंबूस पेय करत. कामाच्या दिवसांत शेतकरी पीत तो हेच पेय. म्हणजे बॅरनच्या पत्रातील हलकी, ताजी वाइनसुद्धा, जिला ते रोजची म्हणत, ती तिचे मळे राखणाऱ्यांची रोजची नव्हती.

मांसाची गोष्ट याहून बोलकी आहे. जाड हाडासह निखाऱ्यावर भाजलेली ‘फ्लॉरेन्सची बिस्तेक्का’ ही कियांतीची सर्वमान्य जोडीदार. तिच्यासाठी नावाजलेली गुरे म्हणजे ‘कियानीना’ जातीची, पांढरी आणि प्रचंड. हीच गुरे अर्धेलीच्या शेतात नांगर ओढत. कुळाने त्यांना चारावे, गोठा झाडावा, त्यांच्याबरोबर राबावे. मांस मात्र शहरातील सुखवस्तू ताटात जावे, असा क्रम होता. कुळाच्या ताटात पाव, शेंगाबिया, भाजी आणि तेल असे. पाव आठवड्यातून एकदा भाजायचा आणि शिळा झाला तरी टाकायचा नाही, या नियमातून रिबोल्लिता आली.

हे सूप वरच्या ताटात शिरले ते हळूहळू. पेल्लेग्रीनो आर्तुझी यांचा पाकशास्त्रावरील ग्रंथ 1891 मध्ये फ्लॉरेन्समध्ये निघाला आणि एकीकृत इटलीच्या मध्यमवर्गाला त्याने एक सामाईक स्वयंपाकघर दिले. त्यात याच जातीचे शेतकरी सूप आहे, आणि ते बड्या लोकांनाही रुचेल अशी शिफारसही आहे. ‘बड्या लोकांनाही’ असे सांगावे लागले, यातच तेव्हाचे अंतर कळते.

या व्यवस्थेचे चित्र केवळ काळे रंगवणे मात्र अन्यायाचे होईल. भूमिहीन मजुराच्या तुलनेत मेझाद्रियातील कुटुंबाला छप्पर होते, धान्य होते, तेल होते. जमीनदार विचारवंतांनी तर या पद्धतीत वर्गांच्या सलोख्याचा आदर्श पाहिला. पण सलोखा होता तर संधी मिळताच माणसे का निघून गेली? दुसऱ्या महायुद्धानंतर कुळांची आंदोलने झाली; 1946 मध्ये पंतप्रधान दे गास्पेरी यांच्या निवाड्याने कुळाचा वाटा 53 टक्के ठरला; 1964 च्या कायद्याने तो 58 टक्के केला आणि नवे करार करण्यास बंदी घातली. तोवर तरुण पिढी कारखान्यांकडे वळली होती. टेकड्यांवरची दगडी घरे ओस पडली. त्यांपैकी कित्येक घरे पुढे पर्यटकांची निवासस्थाने झाली. आज ज्या सलग द्राक्षओळी आपण ‘पुरातन’ म्हणून न्याहाळतो, त्याही पुष्कळशा या स्थलांतरानंतरच्या. त्याआधी वेल झाडांवर चढवलेले असत आणि त्यांच्या ओळींमधल्या पट्ट्यांत गहू पिके.

बॅरनच्या पत्राचे पुढे जे झाले तेही याच काळातले. 1967 च्या नियमांनी कियांतीत पांढरी द्राक्षे 10 ते 30 टक्के घालणे सक्तीचे केले. पत्रातला विवेक गेला, सूत्र तेवढे उरले. परिणामी पातळ वाइनचा पूर आला. हे निस्तरायला दशके लागली. 2006 च्या हंगामापासून कियांती क्लासिकोत पांढरी द्राक्षे वर्ज्यच झाली. मधल्या काळात ब्रोलियोचा वाइनव्यवसाय परक्या कंपनीच्या हाती गेला होता. 1993 मध्ये फ्रान्चेस्को रिकासोली यांनी तो परत मिळवला.

आता पुन्हा टेबलाकडे येऊ. चव म्हणून ही जुळणी खरीच आहे. सांजोवेसेत आंबटपणा भरपूर, त्यामुळे टोमॅटोपुढे ती फिकी पडत नाही आणि तेलाचा जडपणा धुऊन काढते. तिचा तुरटपणा मांसातील प्रथिनांशी बांधला गेला की मऊ होतो. बिनमिठाचा पाव खारवलेल्या मांसाला आणि चीजला तोलून धरतो. मातृभूमीतून हद्दपार झालेल्या दान्तेला दुसऱ्याच्या घरचा पाव खारट लागेल असे ‘दिव्य कॉमेडी’त सांगितले जाते, त्यामागे तोस्कानातला हा अळणी पाव असल्याचे अनेक वाचक मानतात.

पण जिभेला जुळलेले सारे इतिहासातही जुळलेले असते असे नाही. वाड्याची वाइन आणि कुळाचे सूप ही दोन ताटे होती; ती एका टेबलावर आली ती मेझाद्रिया संपल्यावर. जोवर ते सूप कोणाला तरी नाइलाजाने खावे लागत होते, तोवर ‘परंपरा’ म्हणून त्याची मागणी नव्हती. आपल्याला हे परके वाटू नये. बॅरनच्या पत्रानंतर अकरा वर्षांनी, 1883 मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. मुंबई राज्यात कूळकायद्याचा कृषकदिन उजाडला तो 1 एप्रिल 1957 रोजी. आणि आज महामार्गावरच्या उपाहारगृहांत चुलीवरचे पिठले-भाकरी मौजेने मागवली जाते. मौज करण्यात गैर काही नाही. फक्त ते ताट पूर्वी कोणाचे होते, हे जेवताना ठाऊक असावे.

ब्रोलियोत बॅरनचे पत्र अभिमानाने सांगितले जाते, आणि ते योग्यच आहे. मात्र त्या टेकडीवरचे खरे रोजचे पेय, चोथ्यावर पाणी ओतून केलेले ते आंबूस पाणी, आज कोणी चाखायला मागत नाही. जुळणीचा इतिहास लिहायचा तर सुरुवात तेथून करावी लागेल.